लाईन गेली, लाईन आली आणि मिस्तरीची लाईनदोरी

अमळनेरचा_आप्पा
शुक्रवार, रात्री ९.१२

घरामागे दोन खोल्या काढतोय. मिस्तरी धुळ्याकडचा, साठीचा, बोलणं सगळं अहिराणीत. रोज सकाळी काम सुरू होतं ते एकाच वाक्यानं : "पोऱ्या, लाईनदोरी कोठे शे रे?" पोऱ्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून निळ्या नायलॉनची गुंडी काढतो. भिंतीच्या दोन टोकांना दोन विटा आधीच बसवलेल्या असतात, त्यांना दोरी गुंडाळून ताणतो. मिस्तरी मधोमध टिचकी मारतो. टण्ण वाजली तर ठीक, नाहीतर पोऱ्याला शिव्या. मग एकेक वीट दोरीच्या अंदाजानं लागत जाते. वीट दोरीला टेकू द्यायची नाही, मधे सूतभर फट ठेवायची. एक जरी टेकली तरी दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढची सगळी भिंत तिच्या मागे जाते. हे त्यानंच मला समजावलं, मी मदतीचा आव आणून एक वीट लावायला गेलो तेव्हा.

परवा खुर्ची टाकून बसलो होतो तर डोक्यात आलं, लाईन आणि दोरी असे दोन-दोन शब्द कशाला? नुसती दोरी म्हटलं तर काय बिघडतं?

मग दिवसभर घरादारात ‘लाईन’ किती वेळा निघते ते मोजत बसलो. (रिटायर माणूस, दुसरं काम काय?) सकाळी सौ. म्हणाल्या, लाईन नाही, टाकी रिकामी आहे. गल्लीच्या तोंडाशी नळाची लाईन फुटलेली. शेजारच्या पोराला बारावीनंतर कोणत्या लाईनला टाकायचं यावर ओट्यावर सभा. पुतण्या सकाळीच धुळे लाईनला गेला, म्हणजे धुळ्याच्या रस्त्यावरच्या दुकानांना बिस्किटं पोचवायला. भाच्याचा फोन, कापसाची गाडी घेऊन लाईनीत उभा आहे, चाळिसावा नंबर. संध्याकाळी पानटपरीवर कोणीतरी कोणावर तरी लाईन मारत होता. तो विषय वयामुळे सोडून दिला.

रात्री कोश काढला आणि उडालोच. इंग्रजीतली लाईन निघाली लॅटिन ‘लिनेआ’मधून. लिनेआ म्हणजे दोरा, पण वाटेल त्याचा नव्हे, ‘लिनम’चा. आणि लिनम म्हणजे जवस! आपली अळशी, जिची चटणी आपण कळण्याच्या भाकरीबरोबर खातो ती. जवसाच्या खोडाच्या सालीत लांब तंतू असतात, त्यांचा पिळलेला दोरा तो लिनेआ. ताणलेला दोरा सरळ राहतो, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव पडलं. इंग्रजीत हा शब्द दोन दारांनी शिरला. एक जुन्या इंग्रजीतला ‘लीने’, म्हणजे दोरखंड. दुसरा १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर आलेल्या फ्रेंचमधला ‘लीन्य’. दोघं एकाच घरचे, त्यामुळे एकमेकांत मिसळून गेले.

म्हणजे आमचा मिस्तरी ही लाईन तिच्या सगळ्यात जुन्या अर्थानं वापरतो, आणि नकळत ‘दोरीदोरी’ म्हणतो. पावरोटीसारखं. पोर्तुगीजांच्या भाषेत पाव म्हणजेच रोटी, आपण त्यापुढे आणखी एक रोटी जोडली.

माझं म्हणणं असं की लाईनीचा कुठलाही अर्थ घ्या, ओढत मागे नेला की या दोरीलाच येऊन लागतो. पटत नसेल तर भांडा. आणि तुमच्याकडच्या लाईनी सांगा.


रावेरची_बाग
शुक्रवार, रात्री ९.५०

आप्पा, राम राम. आमच्याकडे लाईन एकच. थ्री फेज, म्हणजे शेतातल्या मोटरची वीज. बाकी सगळ्या शहरातल्या गोष्टी.

या आठवड्यात आमची पाळी रात्रीची आहे. रात्री बाराला येते, पहाटे जाते. ऑटो स्टार्टर लावलाय तरी जावं लागतं, कारण मोटर चालू झाली म्हणजे पाणी केळीला गेलंच असं नाही. कुठेतरी उंदरानं नळी कुरतडलेली असते. बॅटरी, काठी, गमबूट, आणि घरून दर तासाला फोन, ‘लाईन आहे का अजून?’ आमच्या घरात हे ‘जेवला का’च्या जागी विचारतात.

दोरीचं म्हणाल तर केळी लावतानाही ती लागतेच. पाच बाय पाचवर लावायची तर दोरीला दर पाच फुटावर रंगीत चिंधी बांधतो. दोन माणसं दोन बांधांवर दोरी धरून उभी, तिसरा चिंधीखाली खूण करत जातो. एकरी १,७४२ झाडं बसतात, बोलताना आम्ही साडेसतराशे म्हणतो. दोरी जरा सैल धरली की बागेला पोट येतं. मोठी झाल्यावर दिसतं, तोवर उपाय नसतो. या दोरीला आम्ही मात्र दोरीच म्हणतो. लाईन तिच्यामुळे पडते ती.


ज्ञानगंगा_७१
शुक्रवार, रात्री १०.२०

मूळ संस्कृत आहे हो. ‘लीन’. एकात एक लीन झालेले बिंदू म्हणजे लाईन. इंग्रजांनी इथूनच नेला असणार. सगळं आपलंच आहे, फक्त आपल्याला किंमत नाही.


अमळनेरचा_आप्पा
शुक्रवार, रात्री १०.३१

ज्ञानगंगा, नमस्कार. हा शब्द इंग्रज भारतात यायच्या कितीतरी शतकं आधी इंग्रजीत होता, आणि त्याच्याही आधी लॅटिनमध्ये. ‘लीन’ हा ‘ली’ धातूपासून आलाय, चिकटणे, विरघळणे या अर्थाचा. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

आपलं म्हणून अभिमान धरायचा तर ‘सूत’ घ्या ना. खाली कोणी सुतारकाम जाणणारा असेल तर लिहा, मी वाट बघतो.


रंध्याचा_भुसा
शुक्रवार, रात्री ११.०५

हजर आप्पा. वडील सुतार, आजोबा सुतार, मी बँकेत.

सुतार हा शब्दच ‘सूत्रधार’वरून आला. सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार आणि पलंग करणारा सुतार हे शब्दानं भाऊ-भाऊ. आजोबा लाकडावर खूण करायला गेरूच्या पाण्यात बुडवलेला दोरा वापरायचे. एक टोक माझ्या अंगठ्याखाली, दुसरं त्यांच्या हातात, मधे दोरा उचलून सोडला की फट्‌ करून लाल रेघ उमटायची. माझं काम फक्त अंगठा न हलवणं. हलला तर डोक्यात टपली.

म्हणजे आपल्याकडेही दोऱ्याचीच रेघ झाली. पुढे सूत हे माप झालं, इंचाचा आठवा भाग. ‘दोन सूत कमी कर’ आजही चालतं. ‘एका सुतात’ म्हणजे एका ओळीत. आणि माणूस वाकडा चालला की त्याला सुतासारखा सरळ करतात. लॅटिननं जे केलं तेच आपण केलं, त्यांनी जवसाचा दोरा घेतला, आपण आपला. एकमेकांना विचारायला कोणी गेलं नव्हतं.


सुई_कात्री_शिरपूर
शनिवार, सकाळी ७.१५

आप्पा काका, माझा शिलाईचा धंदा आहे. आमच्याकडच्या दोन लाईनी तुमच्या यादीत नाहीत.

पहिली बटणाची. घाऊक दुकानात बटण मागताना कोणी मिलिमीटर सांगत नाही. शर्टाला १८ लाईन, कोटाच्या बाहीला २४ लाईन, पुढे ३२ लाईन. कितीतरी वर्षं मला वाटायचं की बटणावर बारीक रेघा असतील त्या मोजतात! भिंग लावून पाहिलंय मी. मग कळलं की लाईन हे मापच आहे. बटणाच्या धंद्यात ४० लाईन म्हणजे एक इंच. म्हणजे १८ लाईनचं बटण साधारण साडेअकरा मिलिमीटर. काल तुमचं वाचल्यावर पट्टी लावून पाहिली, बरोब्बर आलं. रंध्याचा भुसा भाऊंचं सूत आणि आमची लाईन, दोन्ही दोरेच आणि दोन्ही मापंच.

दुसरी म्हणजे लायनिंग. ब्लाउजला अस्तर लावतो त्याला आता कोणीच अस्तर म्हणत नाही, ‘लायनिंगचा शिवा’ म्हणतात. हे पण जवसाचंच निघालं. पूर्वी तिकडे चांगल्या कपड्याला आतून लिननचं कापड लावायचे, त्यावरून आत काहीही लावणं म्हणजे लाइन करणं झालं. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. आम्ही लायनिंगला कॉटन लावतो, गिऱ्हाईक स्वस्तातलं म्हणालं तर पॉलिस्टर. जवस फक्त नावात.


गॅरेज_चोपडा_रोड
शनिवार, सकाळी ८.०२

मग आमचे ब्रेक लायनर पण?


सुई_कात्री_शिरपूर
शनिवार, सकाळी ८.१०

हो दादा. ब्रेकचे लायनर, इंजिनातला सिलिंडरचा लायनर, सगळी आतली अस्तरं. ब्लाउजचे भाऊबंद.


गॅरेज_चोपडा_रोड
शनिवार, सकाळी ८.११

आज पोरांना सांगतो, ट्रकचा ब्लाउज बदला.


गार्डचा_पोरगा
शनिवार, सकाळी १०.४०

भुसावळचा आणि लाईनीवर गप्प बसेन असं होईल का?

आमच्या घरात ‘बाबा लाईनवर गेलेत’ म्हणजे गाडी घेऊन गेलेत, उद्या येतील. लग्नकार्यात कोणी विचारलं आणि हे उत्तर मिळालं की पुढे कोणी काही विचारत नसे. गार्डची ‘लाईन बॉक्स’ असायची. काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव. आत लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, नियमांचं पुस्तक आणि फटाक्यांचा गोल डबा. हे दिवाळीचे नव्हेत. पुढे धोका असला तर रुळावर बांधून ठेवायचे, चाक वरून गेलं की धडाम्‌, ड्रायव्हर ब्रेक लावतो. लहानपणी त्या डब्याला हात लावला म्हणून मी आयुष्यातला सगळ्यात मोठा मार खाल्लाय. पेटीच्या कोपऱ्यात आईनं दिलेल्या चटणीची बरणीही असायची, आणि आता तुमच्यामुळे आठवलं, ती जवसाचीच असायची.

पण रेल्वेतली खरी लाईन म्हणजे ‘लाईन क्लिअर’. पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय, आणि त्यानं मार्ग मोकळा आहे असं सांगितल्याशिवाय, गाडी सोडायची नाही. सूरत-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण व्हायच्या आधी तिथे एकच रूळ. अशा एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात पुरावा म्हणून लोखंडी गोळा द्यायचे. कातडी पिशवीत गोळा, पिशवीला मोठं कडं. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन कडं उंच धरून उभा आणि इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून हात घालून ते उचलणार. गोळा हातात नाही तर पुढे जायचं नाही.

भुसावळात अजूनही मुलाकडचे मुलीकडच्यांना विचारतात, ‘काय मग, लाईन क्लिअर?’

आप्पांच्या दोरीबद्दल मात्र मला शंका आहे. रूळ ही काही दोरी नव्हे.


मुद्द्याचं_बोला
शनिवार, दुपारी १२.२५

शंका रास्त आहे. आप्पा, तुमचा सिद्धांत ऐकायला गोड आहे, पण तुम्ही सगळं एकाच खुंटीला बांधताय.

दोरी म्हणून जी लाईन आहे तीत कपडे वाळत घालायची दोरी, गळाची दोरी, तारायंत्राची तार, टेलिफोनची तार आणि रावेरच्या भाऊंची वीज येते. तिथे खरोखर काहीतरी लांब, लवचिक, दोन टोकांना बांधलेलं असतं. इथवर मी तुमच्याबरोबर.

दुसरी रेघ म्हणून असलेली लाईन. नकाशावरची सीमा, हातावरची आयुष्याची रेषा, क्रिकेटमधली लाईन-लेंथ. इथे दोरी कधीच सुटली, तिची सावली उरली.

तिसरी ओळ म्हणून. तुमच्या भाच्याच्या कापसाच्या गाड्या या ओळीतल्या. पोलीस लाईनही यातलीच. छावणीत तंबू नाहीतर खोल्या ओळीनं असत, म्हणून ‘लाईन्स’. सिव्हिल लाईन्स म्हणजे गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची ओळ. आपल्या खान्देशात १८२५ साली इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमनं भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. असल्या पलटणींबरोबरच हा शब्द आपल्या गावांत उतरला असावा. आपल्या ‘ओळ’ला दोरीचा काही संबंध नाही बरं, ती ‘आवलि’वरून आली. दीपावलीतली.

चौथी, मार्ग. रेल्वे, जहाजांची लाईन, तुमच्या पुतण्याची धुळे लाईन, आणि मग माणसाचा धंदा. ‘तो कोणत्या लाईनमध्ये आहे’ म्हणजे कोणत्या वाटेनं चाललाय. इंग्रजीतही अगदी असंच विचारतात.

आणि सगळ्यात मोठी गोची केली ती शिरपूरच्या ताईंनी. लायनिंग दोरीतून आलंच नाही! ते कापडातून आलं. लायनरसुद्धा. म्हणजे मूळ दोरी नव्हे, मूळ झाड. दोरी ही त्या झाडाची एक फांदी, कापड ही दुसरी. तेव्हा ‘सगळं दोरीला येऊन लागतं’ हे तुमचं वाक्य मागे घ्या.


अमळनेरचा_आप्पा
शनिवार, दुपारी १.०५

घेतलं. लायनिंगपाशी मी हरलो, ताईंना मानलं.

पण ‘दोरी कधीच सुटली’ हे मान्य नाही. शेतात, लाकडावर, भिंतीवर रेघ आधी कशानं पडते? रावेरचे भाऊ काय म्हणाले ते परत वाचा. लाईन तिच्यामुळे पडते ती. कागदावरची रेघ फार उशिराची.


मुद्द्याचं_बोला
शनिवार, दुपारी १.१२

हे चालेल. शेताबद्दल मात्र माझा अभ्यास नाही.


तापीकाठचा_बोका
शनिवार, दुपारी १.३०

लाईन मारणे राहिलं. मुद्द्याचं भाऊंनी चार खाती पाडली, त्यात ते कुठल्या खात्यात?


गॅरेज_चोपडा_रोड
शनिवार, दुपारी १.३४

गळाच्या. आमच्या वर्गात सगळ्यांनी टाकला, माझाच मासा निघून गेला.


तिफणवाला
शनिवार, सायंकाळी ६.२०

शेताबद्दल मी सांगतो. शिंदखेड्याकडचा आहे, दिवसभर रानात होतो म्हणून उशीर.

आप्पा, माफ करा, पण रानात रेघ दोरीनं पडत नाही. बैलांनी पडते. औत धरणारा समोर बांधावरचं एखादं झाड धरतो आणि त्याच्यावरून नजर न हलवता चालतो. पहिला तास (औतानं पडणारी रेघ) सरळ गेला की बाकीचे त्याच्याकडे बघून जातात. पहिल्या तासाला म्हणून जाणता माणूस लागतो. पोरांच्या हातात औत देतात ते चौथ्या-पाचव्या तासाला.

यात एक मजा आहे, एका डॉक्टर मित्रानं सांगितलेली. तापात माणूस बरळतो त्याला इंग्रजीत डेलिरियम म्हणतात. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे तास. डेलिरियम म्हणजे तास सोडून जाणं! आमच्याकडे बैल बिथरला की ‘तास सोडला’ म्हणतात, माणूस बिथरला की ‘लाईन सोडली’. रोमन शेतकऱ्याला आमचं बोलणं अर्धं तरी कळलं असतं.

आणि इंग्रजी कवितेच्या ओळीला ‘व्हर्स’ म्हणतात ना, त्याचा मूळ अर्थ वळणं. औत बांधाला जाऊन वळतं ते. संस्कृतात तासाला ‘सीता’ म्हणतात, ते तर सगळ्यांना माहीतच आहे. जनकाला नांगरताना मिळाली म्हणून.


नंदुरबारची_बाई
शनिवार, रात्री ८.४५

मी शाळेत आहे. आमच्या आयुष्यात एकच लाईन, डेडलाईन. ‘आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत माहिती ऑनलाईन भरावी’ असा निरोप दुपारी साडेतीनला येतो. मग सगळे मोबाईल उंच धरून गच्चीत, कारण रेंज तिथेच. ऑनलाईनसाठी आमची गच्चीत लाईन.

पण या शब्दाचा उगम वाचला तेव्हा हसू गेलं. ती खरोखरची रेषा होती. अमेरिकेतल्या यादवीत जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती, १८६४ साली सुरू झालेली. उघड्या मैदानाभोवती लाकडी ओंडक्यांचं उंच कुंपण, आणि त्याच्या आत काही अंतरावर खुंटांवर ठोकलेली एक बुटकी लाकडी पट्टी. तिला डेड लाईन म्हणायचे. कैदी तिच्या पलीकडे गेला, नुसता हात जरी गेला, तरी वरच्या मचाणावरचा पहारेकरी गोळी घालत असे. तिथे ठेवलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० मेले, बहुतेक उपासमारीनं आणि रोगानं. छावणीचा प्रमुख हेन्री वर्ट्‌झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी दिली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लावला आणि तिथून तो आमच्या गच्चीवर आला.

आप्पा, ही मात्र दोरी नव्हती. लाकडाची पट्टी होती.


अमळनेरचा_आप्पा
शनिवार, रात्री ९.०२

बाई, हे माहीत नव्हतं. यापुढे सौ.ना ‘डेडलाईन’ म्हणताना जीभ अडखळेल.


कळण्याची_भाकर
रविवार, सकाळी ९.३०

सगळे दोरीमागे लागलात, जवसाकडे कोणी बघेना. मी बघते.

जवसाचं शास्त्रीय नाव ‘लिनम युसिटाटिसिमम’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ, अतिशय उपयोगी. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलं. (त्याचं स्वतःचं नाव लिनमवरून आलं असं सांगणारे भेटतात. ते चूक. ते स्वीडनमधल्या लिंडेनच्या झाडावरून आलंय.) दोऱ्यासाठी लावतात ते जवस उंच, सरळ, कमी फांद्यांचं. आपल्याकडचं बुटकं, फांद्याळ, बियांसाठीचं. म्हणून आपल्या आज्यांनी जवस कुटलं, पण कातलं नाही. कातायला कापूस होताच. तिकडे खोडं पाण्यात कुजवून, वाळवून, झोडून, लोखंडी दातांच्या फणीतून ओढून तंतू काढायचे. जॉर्जिया देशातल्या (बाईंनी लिहिलेला अमेरिकेतला नव्हे) झुझुआना नावाच्या गुहेत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे जवसाचे तंतू सापडलेत, त्यातले काही रंगवलेले. शेतीच्या कितीतरी आधीचे. रानटी जवस तोडून माणसानं दोरा वळला होता.

आणि तेल. आमच्या जुन्या घराच्या सागवानी दाराला दर दिवाळीआधी बेलतेल लावायचे. मी लहानपणी समजायचे महादेवाच्या बेलाचं आहे, म्हणून हात जोडायचे. ते निघालं उकळलेलं जवसाचं तेल! पूर्वी खिडकीच्या काचेला लांबी (पुट्टी) लावायचे, तीही खडूची पूड आणि हेच तेल मळून. क्रिकेटच्या बॅटला चोळतात तेही जवसाचंच, फक्त न उकळलेलं. हे तेल हवेत नुसतं सुकत नाही, घट्ट होतं. त्या गुणावरच फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं १८६० च्या दशकात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम काढलं. लिनम अधिक ओलियम, म्हणजे जवस आणि तेल. नाव ठेवताना डोकं चालवलं नाही, जे घातलं ते सांगून टाकलं.

हेच तेल लावलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना गरम होते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका.

चटणीचं सांगू का? जवस कोरडं भाजायचं, तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं. एक क्षण जास्त झाला की कडू. लसूण, लाल मिरची, मीठ, थोडं जिरं. खलबत्त्यातच. मिक्सरमध्ये फिरवलं की तेल सुटून गोळा होतो आणि मग लोक म्हणतात आजीसारखी होत नाही.


गार्डचा_पोरगा
रविवार, सकाळी ९.४१

ताई, त्या शेवटच्या परिच्छेदासाठी हा धागा सार्थकी लागला.


रंध्याचा_भुसा
रविवार, सकाळी १०.१०

बेलतेल! आजोबांच्या अंगाचा वास तोच होता. इतकी वर्षं मला वाटायचं तो लाकडाचा आहे.


अमळनेरचा_आप्पा
सोमवार, रात्री ८.३०

आज मिस्तरीला सगळं सांगितलं. चहाच्या वेळेला, बांधकामाच्या वाळूवर बसून. लाईन म्हणजे मुळात दोरीच, म्हणून तुम्ही दोरीदोरी म्हणता. रोमन लोक, जवस, फ्रेंच, सगळं. त्यानं बशीतला चहा संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला,

"मंग जवसनी दोरी लांबी ताणस का?"

म्हटलं माहीत नाही, ताणत असेल.

"ताणस व्हई तं कामनी नही. पाणी लागनं का सुतनी दोरी आखडस, उन्ह लागनं का ढिली पडस. नायलॉन बरं." आणि उठला.

मागच्या भिंतीकडे गेलो तर तिसऱ्या थरात एक वीट दोन सूत बाहेर आलेली. माझीच, परवाची. त्यानं ती काही न बोलता काढली, जुना माल खरवडला आणि पोऱ्याला हाक मारली, लाईनदोरी कोठे शे रे?


मुद्द्याचं_बोला
सोमवार, रात्री ८.५२

मिस्तरीला इथे खातं काढून द्या.


रावेरची_बाग
सोमवार, रात्री ११.५८

जवसाचा एक वाफा या रब्बीत बांधाकडेला टाकून बघतो, उंच जातीचं बी कुठे मिळालं तर. भाकर ताईंना विचारायचं होतं की कुजवायला किती दिवस लाग

लाईन आली. जातो.